हात वर केलेल्यांची यादी

मार्थामावशी,

तुला मातीत ठेवून आज दहा दिवस झाले. पंचमंडळानं सांगितलं, पाळकसाहेबांनी, म्हणजे मी, बाईंवर मिशनच्या मासिकासाठी चार ओळी लिहून द्याव्यात. दिल्या लिहून. जन्म कुठला, वाचायला कधी शिकलीस, बायबलबाई म्हणून किती वर्षं खेडोपाडी फिरून बायकांना शास्त्र सांगितलंस. पाऊण पानात मावलीस. मग लक्षात आलं की तुझ्याशी जे बोलायचं होतं ते त्यात कुठंच नाही, म्हणून हा दुसरा कागद घेतला. हा मासिकाला जाणार नाही.

मी या गावी आलो तेव्हा तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. उमरखेडच्या बसमधून मी, बायको सुशीला आणि पुस्तकांच्या दोन लोखंडी पेट्या उतरलो. तू घ्यायला आली होतीस. पांढरं लुगडं, टायरच्या चपला, काखेत मळकं बासन, त्यात शास्त्र. एक पेटी उचलून पाहिलीस आणि लगेच खाली ठेवलीस.

"काय हाय जी हिच्यात?"

"पुस्तकं."

"सारी वाचली?"

"बहुतेक."

"मंग झालं तं. आता फुरसत हाय तुमाले."

सुशीला तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला होता, हे आज सांगतो. सेमिनरीत उपदेशाच्या परीक्षेत पहिला आलेला माणूस मी. खेड्यातली एक म्हातारी बाई पहिल्याच भेटीत माझी थट्टा करते, हे मला रुचलं नाही. पहिल्या रविवारी मी तयारीनं बोललो. तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक गोष्ट, शेवटी आवाज चढवून आवाहन. बाहेर पडताना तू म्हणालीस, "आवाज चांगला हाय तुमचा." मी आठवडाभर खूश होतो. तू फक्त आवाजाबद्दल बोलली होतीस हे कळायला मला फार दिवस लागले.

नागपूरच्या दीक्षेला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आपल्या मिशनच्या कंपाउंडला लागून असलेली सगळी वस्ती बौद्ध झाली होती. आपल्यातल्याच कित्येकांचे भाऊबंद त्या वस्तीत. पंचांचं म्हणणं पडलं की पाळकांनी यावर बोलावं, नाहीतर आपलीही माणसं तिकडं जातील. मी उपदेश लिहायला बसलो. तू ओसरीवर आलीस, विचारलंस काय लिहिता. मी सांगितलं. तू खाली बसलीस.

"त्यायनं घरातले देव उचलले, पाळकसाहेब. बापानं पुजले, आज्यानं पुजले, ते देव टोपल्यात भरून नाल्यात सोडले. मी पाह्यलं. बाया रडत व्हत्या आन् सोडत व्हत्या. त्याले छाती लागते. तुमी बोला, माह्यं काही नाई. पण आपुन शेवटी कधी काय सोडलं, तेवढं बी सांगजा."

मी तो कागद फाडला. त्याऐवजी वहीतला एक जुना उपदेश वाचला. ते तुझ्या लक्षात आलंच. बाहेर कडुलिंबाखाली गाठून विचारलंस, "आजचं वहीतलं व्हतं का जी?"

"मी सगळंच वहीत लिहितो, मावशी."

"तसं नाई. वहीतून वहीत, का तुमच्यातून वहीत?"

आपली मंडळी तशी भरभराटीत होती. महिला मंडळ होतं, तरुण संघ होता, नवी बाजाची पेटी आली होती, वाजवणारा होता. मिशनच्या बंगल्यातल्या गोऱ्या मिससाहेब मायदेशी गेल्या आणि कारभार आपल्या लोकांच्या हाती आला, त्याचा आनंदही खरा होता. पण पहिल्या बाकावर कोण बसणार यावरून दोन घरांचं बोलणं बंद, आणि प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबक कोणी धरायचं यावर पंचांच्या तीन बैठका. आशीर्वाद म्हणून माझे हात खाली येतात न येतात तोच कडुलिंबाखाली बदल्या आणि बढत्यांच्या गोष्टी सुरू. मी रविवारी दोनदा, बुधवारी एकदा, शुक्रवारी घरोघर असा बोलतच होतो. एका वचनावरून दुसऱ्यावर, एका सभेतून दुसरीत. तू मात्र एक वचन घेतलंस की आठ-आठ दिवस तेच. मी एकदा चेष्टेनं विचारलं, मावशी, अजून तिथंच का? तर म्हणालीस, "गाय बी चरून आली की बसते जी, रवंथ करते. तुमी तं नुसते चरून राह्यले."

तू काही संत नव्हतीस. असं लिहिलं तर तूच कागद ओढून घेशील. नव्या चालीची गाणी लागली की तू मुद्दाम खोकायचीस. धनज गावच्या दुसऱ्या बायबलबाईबद्दल तुझ्या तोंडून कधी बरा शब्द आला नाही; तिला लोक जास्त ऐकतात, हे तुझं दुखणं. माझ्या सुशीलेला तू दोन वर्षं 'शहरातली' म्हणून दूर ठेवलंस आणि तिला ते लागलं. आणि कमरेला खोचलेली तंबाखूची डबी! मिशनच्या नियमाप्रमाणे तुझी नोकरी जाईल असा अपराध. मी पाहिली तेव्हा तू गडबडली नाहीस. "प्रभूले ठाऊक हाय," म्हणालीस, "कमिटीले कायले तरास द्याचा?"

आता त्या मांडवाचं. हेच मला लिहायचं होतं आणि हेच टाळत इथवर आलो.

चौथ्या वर्षी, तुरी निघाल्यावर, आपण जागृती सभा घेतल्या. कल्पना माझी. बाहेरगावचे नावाजलेले उपदेशक बोलावले, उमरखेडहून कर्णा आणला, शाळेच्या मैदानात मांडव घातला. तीन संध्याकाळ आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं आली, बैलगाड्या सुटल्या, मैदान भरून गेलं. शेवटच्या दिवशी उपदेशकांनी आवाहन केलं, ज्यांच्या मनावर भार आहे, ज्यांना प्रभू हवा आहे, त्यांनी हात वर करावेत. हात वर झाले. आधी पाच-दहा, मग ओळीच्या ओळी. मी पेन्सिल घेऊन फिरलो, नावं लिहिली. शंभराच्या वर गेली यादी. त्या संध्याकाळी मला वाटलं होतं, आपण काहीतरी केलं.

अहवाल मी दुसऱ्याच दिवशी टाकला. मासिकात तो मांडवाच्या फोटोसकट छापून आला. 'शंभराहून अधिक आत्म्यांनी प्रभूचा स्वीकार केला' असं वर ठळक अक्षरांत. खाली मी एक ओळ घातली होती, 'बायबलबाई मार्थाबाई यांच्या अथक परिश्रमांचे हे फळ होय.' वाटलं, तुला बरं वाटेल. यवतमाळहून अभिनंदनाची पत्रं आली. तिथल्या मोठ्या मंडळीचा पाळक म्हणून माझं नाव घेतलं जातंय, असंही कोणी कळवलं.

तुला कोणीतरी ते वाचून दाखवलं. तू आलीस, फक्त यादी मागून नेलीस. आणि मग टायरच्या चपला घालून, गावामागून गाव, त्या यादीतल्या एकेका घरी गेलीस. महिना लागला तुला. परत आलीस ती सरळ माझ्या ओसरीवर.

"धोंडबा म्हनते, शेजाऱ्यानं हात वर केला म्हनून मी केला. त्याच्या शेजाऱ्याले इचारलं तं तो म्हनते, धोंडबानं केला म्हनून. सोनाबाई मांगं बसली व्हती, तिले नीट आयकू नाई आलं. तिले वाटलं, पानी कोणाले पाह्यजे म्हनून इचारून राह्यले."

मला हसू आलं. तुलाही आलं, पण तू ते गिळलंस.

"सगळेच तसे नसतील, मावशी."

"नाई ना. एक हाय. फुलसावंगीच्या वाटंवर, नाल्याच्या त्या अंगाले, पारबता नावाची. तिनं खरा हात वर केला व्हता. दोन महिने वाट पाहून राह्यली ते. म्हने, नाव लिहून नेलं तं कोणी येईन. चाला."

"आत्ता?"

"दोन महिने झाले, पाळकसाहेब."

आपण गेलो. दीड कोस. पारबता अंगणात तूर निवडत बसली होती. चाळिशीची असेल, पण हात साठीचे. नवरा नव्हता. आपल्याला पाहून तिनं घाईनं पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी विचारपूस केली. ती एवढंच बोलली की पोरगी गेली, दिवाळीच्या मागंपुढं, तापानं. मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. हे दयासागरा स्वर्गीय पित्या, शोकाकुलांचे सांत्वन करणाऱ्या. चांगली झाली प्रार्थना, न अडखळता. डोळे उघडले तर ती माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. लहान मुलाला काही समजावून सांगावं, तशा सुरात ती म्हणाली, "हे तं तुमी मांडवात बी म्हनलं व्हतं जी."

मावशी, सेमिनरीत मला कोणी नापास केलं नव्हतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात तू सूप पुढं ओढलंस आणि तूर निवडायला लागलीस. माझ्यापुढंही ओंजळभर ढकललीस. आपण तिघं निवडत बसलो. खडे वेगळे, किडके दाणे वेगळे. ऊन अंगणातून सरकत कुडापर्यंत गेलं. सुरुवातीला मला ते नुसतं बसणं असह्य झालं. किती घरं राहिलीत, संध्याकाळची बैठक आहे, हेच डोक्यात. मग तेही थांबलं. हातातले दाणे दिसायला लागले. आणि दुपार कलल्यावर, मान वर न करता, पारबता बोलायला लागली.

ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती. पोरीला घरी ठेवून गेली होती. शेजारीण धावत आली, म्हणाली, ताप चढला, पोरगी कशीतरीच करते. पारबतेच्या हातातली ओळ अर्धी व्हायची होती. ती म्हणाली, एवढी ओळ वेचून येतो. ओळ वेचली, गाठोडं बांधलं, घरी आली. तोवर संपलं होतं.

"ओळ सोडून आली असती तं भेट झाली असती," ती म्हणाली. "वाचली नसती ते. मले ठाऊक हाय. पण तिनं पाह्यलं असन ना दाराकडं." मग म्हणाली, "त्या कर्न्यावाल्यायनं इचारलं, कोणाच्या मनावर भार हाय. मी हात वर केला."

माझ्याकडं क्षमेवर अख्खा उपदेश तयार होता. देवाच्या कृपेनं मी तोंड उघडलं नाही. तू हातातलं सूप खाली ठेवलंस आणि विचारलंस, "नाव काय व्हतं पोरीचं?"

"गंगू."

"गंगू," तू म्हणालीस. "कशी व्हती?"

एवढंच. तिच्या भाराबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस. आणि पारबता, जिनं इतका वेळ डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ती सांगायला लागली. गंगू गूळ कुठं लपवलाय ते कसं शोधायची, कोंबडीच्या मागं कशी पळायची, बापासारखं डावं पाऊल आत टाकून कशी चालायची. सांगताना हसली, मग रडली. तू तिचा हात धरला नाहीस, डोक्यावरून हात फिरवला नाहीस. ऐकत राहिलीस. निघताना म्हणालीस, "मी रोज सकाळी घेत जाईन तिचं नाव. तुह्यं बी."

परत येताना नाल्यात गुडघाभर पाणी होतं. पलीकडं चढून आल्यावर मी थांबलो. कसं बोललो कोण जाणे.

"मावशी, मला प्रार्थना येत नाही."

"ठाऊक हाय."

"केव्हापासून ठाऊक आहे?"

"तुमी आले तवापासून."

"मग बोलली का नाहीस?"

पहिल्यांदा तुला 'तू' म्हणालो ते त्या वाटेवर. पुढं तेच राहिलं. तू मात्र मला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हणत राहिलीस. त्या वेळी तू लुगड्याचा ओला काठ पिळत होतीस. म्हणालीस, "तुमाले बोलून काय व्हते? ज्याले बोलाचं त्याले बोलून राह्यली व्हती ना."

म्हणजे साडेतीन वर्षं रोज सकाळी तू माझं नाव घेत होतीस. मी तुला चावट म्हातारी समजत होतो.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण माझा भित्रेपणा आड आला. दुसऱ्याच आठवड्यात तू म्हणालीस, "त्या पेपरवाल्यायले लिहा आता. लिहा की हात मोजले, मानसं मोजाची राह्यली." मी हो म्हणालो. लिहिलं नाही. आधी यवतमाळच्या जागेचं चाललं होतं. ती दुसऱ्याला मिळाल्यावर वाटलं, आता लिहिलं तर लोक म्हणतील, जागा मिळाली नाही म्हणून चिडला. मग वाटलं, मंडळीची नाचक्की होईल. दरवर्षी तुरी निघाल्या की तू विचारायचीस, "लिहिलं का जी?" आणि आपलं भांडण जुंपायचं.

"पेरलं तर आहे ना मावशी. कधीतरी उगवेल."

"पेरलं कुठं? उधळलं. पेरनाऱ्याले वाकाव लागते."

"सगळेच तुझ्यासारखे तूर निवडत बसले तर मंडळी कोण चालवणार? दिवे कोण लावणार, घंटा कोण वाजवणार?"

"लावा ना दिवे. मी कुठं नाई म्हनते? पण लावून मंग त्याच्या उजेडात काही पाहा बी."

या भांडणात मी अगदीच चुकीचा होतो असं मला अजून वाटत नाही, आणि तुला ते सांगायचं राहिलं. आठवडाभर दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या माणसाला सणाचा थाट हवा असतो, चार माणसांत मिरवायला हवं असतं. आणि त्या नाताळच्या नाटकात मेंढपाळांनी खरीखुरी बकरी आणली, तिनं गव्हाणीतला कडबा बाळाखालून ओढून खायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं होतं? डोळे पुसत तूच म्हणालीस, "हे बी पाह्यजे जी." तेव्हा मला वाटलं, जिंकलो. पण दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारलंसच, लिहिलं का.

पारबतेकडं तू दर आठवड्याला जात राहिलीस. कधी मी आलो, कधी सुशीला. हो, शहरातली सुशीलाही. तुमच्या दोघींचं सूत तिथल्या अंगणातच जुळलं. पारबतेनं बाप्तिस्मा घेतला नाही. अधूनमधून उपासनेला यायची, दाराशी बसायची, आशीर्वादाच्या आधी निघून जायची. पंच विचारायचे, या बाईचं काय ठरलं? तू सांगायचीस, "ते येते, हे ठरलं."

या पावसाळ्यात तुझा दम वाढला. मिशनच्या दवाखान्यात चल म्हटलं, आली नाहीस. पारबता येऊन राहिली तुझ्या खोलीत. त्या शेवटच्या आठवड्यात मी आलो, उशाशी बसून स्तोत्र वाचायला लागलो. तू हातानंच थांबवलंस. बराच वेळ श्वास जमवलास आणि म्हणालीस, "लिहिलं का जी?"

"लिहितो, मावशी. याच आठवड्यात."

"बरं," म्हणालीस.

तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. त्या 'बरं'मध्ये रागही नव्हता, खोटं मानणंही नव्हतं. माझ्यापुढं तू दार उघडं ठेवलंस, एवढंच. गुरुवारी सकाळी, पारबता चूल पेटवत असताना, तू गेलीस.

तुझ्या दफनाला एवढी माणसं येतील असं पंचांना वाटलं नव्हतं. शेजारची बौद्ध वस्ती आली, नाल्यापलीकडची आली, धोंडबा आला, सोनाबाई आली. धनजची बायबलबाई आली आणि मावशी, ती सगळ्यांपेक्षा जास्त रडली. यवतमाळहून मिशनचे अधीक्षकसाहेब जीपनं आले. भला माणूस. तुझी फारशी ओळख नव्हती, म्हणून त्यांनी मासिकाचा जुना अंक बरोबर आणला होता. खड्ड्याच्या कडेला उभं राहून त्यांनी वाचायला सुरुवात केली. या भगिनीच्या अथक परिश्रमांनी शंभराहून अधिक आत्मे प्रभूकडे आले.

माझं वाक्य होतं ते. माझा खोटा हिशोब तुझ्या छातीवर पदकासारखा लावून तुला मातीत घालायला निघाले होते, आणि तुला तो काढून टाकता येत नव्हता.

मी पुढं झालो. म्हणालो, "साहेब, थांबा. हे मी लिहिलं आहे आणि हे खरं नाही."

मी सांगितलं, की मांडवात हात वर झाले ते मी मोजले, आणि कोणाच्याही घरी गेलो नाही. मार्थाबाई गेल्या. त्यांनी मला दुरुस्ती लिहायला सांगितली आणि पाच वर्षं मी ती लिहिली नाही. शेवटच्या आठवड्यातही लिहितो म्हणालो आणि लिहिली नाही. त्यांनी किती आत्मे आणले हे मला माहीत नाही. त्यांनी ते कधी मोजले नाहीत. मला एवढंच माहीत आहे की या गावचा पाळक देवाशी बोलत नव्हता, आणि त्याच्यासाठी त्या बोलत होत्या.

पंचांच्या माना खाली होत्या. कोणाकडंही बघायचा मला धीर झाला नाही. मग बायकांतून पारबता पुढं आली, वाकून मूठभर माती घेतली आणि तुझ्यावर टाकली. तिच्यामागं बाकीचे. प्रार्थना त्या दिवशी अधीक्षकसाहेबांनीच केली. लहान केली.

जीपमध्ये बसताना ते मला म्हणाले, "हे पत्रानं कळवता आलं असतं."

"पाच वर्षं तेच जमलं नाही, साहेब."

आता यवतमाळहून बोलावणं येईल. बदली होईल, किंवा आणखी काही. पंचांपैकी दोघं माझ्याशी बोलत नाहीत. एक जण मात्र काल संध्याकाळी आला, ओसरीवर टेकला, पंधरा वर्षं तबक धरणारा माणूस. म्हणाला, "पाळकसाहेब, मलाबी प्रार्थना येत नाही." आणि घरी गेला. दुरुस्तीचं पत्र मी टाकलं आहे. तू आता विचारायला नाहीस, म्हणून पोस्टात टाकताना हात रिकामा वाटला.

आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. केली असती तरी तुझ्यासाठी काय मागणार होतो? म्हणून आज रविवारी, उपासनेच्या पुष्कळ आधी, मी आपल्या मंडळीच्या देवळात एकटाच गेलो आणि स्वतःसाठी मागायला बसलो. हे स्वर्गीय पित्या, असं सुरू केलं आणि पुढं जाईना. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तेव्हा मला माझा बाप आठवला. राजूरच्या कोळशाच्या खाणीत होता तो. काळा होऊन घरी यायचा आणि मी दारात उभा असायचो. त्याच्याशी मी जे बोलायचो ती बोली मी सेमिनरीच्या पहिल्याच वर्षी टाकून दिली होती. तिथली मुलं हसायची. वीस वर्षांत एकदाही ती माझ्या तोंडात आली नव्हती.

"बापा," मी म्हणालो, "मले काहीच येत नाई. मी थकून गेलो. तुले सांगाव वाटलं."

घंटा वाजवायला चपराशी आला तेव्हा ऊन बाकांवर आलं होतं. मला तिथं पाहून तो दारातच थबकला आणि दोरी हातात धरून थांबून राहिला.